दूधपांढरे दिवे लावले की पोरं हुशार होतात म्हणे

जुना_खडू
परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, "वर्गात ६५०० केल्विनचे पांढरे एलईडी लावा, मुलांचं लक्ष दुप्पट!" लक्ष काय तराजूत तोलता? नाशिकला पंचवटीत ३१ वर्षं शिकवलं. आषाढात भरदुपारी वर्ग अंधारायचा, वीज गुल, तरी पाढे चालूच. खरा वैताग फळ्याचा. नवा रंग दिला की उजव्या खिडकीचा उजेड त्यावर असा चमकायचा, की डाव्या कोपऱ्यातली पोरं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायची. कॉपी म्हणून त्यांना छड्या दिल्यात मी.

चोकवाला
सर, अंधारात पाढे होतात, भूमितीची आकृती होत नाही. वर्गाला ३०० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) हवा, आपल्याच मानकात आहे. सातपूरला एका शाळेत शेवटच्या बाकावर उजेडाचा मीटर धरला, ९० सुद्धा नीट भरेनात. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दिसत नाही, डोकं मात्र धरतं. १९८९ मध्ये इंग्लंडात एका ऑफिसात ही लुकलुक घालवणारे इलेक्ट्रॉनिक चोक लावले, तर डोकेदुखी निम्म्याहून कमी झाली.

गोदाकाठ
ऑफिसातली. पोरांचं बोला. १९९९ ला कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात भरपूर सूर्यप्रकाशाच्या वर्गातली मुलं गणितात २० टक्के वेगाने पुढे गेली. दिवे नव्हेत, खिडक्या!

चोकवाला
अर्धंच वाचलंत. त्याच अभ्यासकांनी २००३ ला तिथल्याच फ्रेस्नो गावात पाहिलं, तेव्हा नुसत्या उजेडाचा तसा फायदा दिसला नाही. खिडकीतून काय दिसतं हे महत्त्वाचं ठरलं, आणि चकाकीने नुकसान.

जुना_खडू
चकाकी! मी काय म्हणत होतो?

सिडकोची_आई
तुमचे फळे राहू द्या, कॉलेज रोडच्या तळघरांवर बोला कुणीतरी. माझी लेक दोन वर्षं बेसमेंटमधल्या क्लासला. सकाळी सातला आत, बाहेर पाऊस की ऊन पत्ता नाही. प्रोजेक्टर लागला की दिवे बंद, डब्यानंतर निम्मी बॅच पेंगते. फी विचारू नका. वर चष्मा लागला.

क्लासचालक
चष्मा मोबाइलने लागतो, ताई. वरच्या मजल्याचं भाडं तुम्ही भरता का? निकाल लागला की पेढे घेऊन याच तळघरात येता.

सिडकोची_आई
पेढे लेकीच्या कष्टाचे होते, तुमच्या तळघराचे नाही!

गोदाकाठ
तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास उघड्यावर काढायला लावले, ते चष्मा टाळायलाच. उघड्यावर सावलीतसुद्धा हजारो लक्स असतात. तळघरात किती, मोजलेत कधी?

क्लासचालक
बरं बाबा, पुढच्या बॅचला जमिनीखाली खिडक्या पाडून घेतो. समाधान? ...प्रोजेक्टर असताना दिव्यांची मागची रांग चालू ठेवता येईल, एवढं कबूल. वायरमनला सांगतो.

सिडकोची_आई
लेक पास होऊन गेली. आता सांगा.

जुना_खडू
चोकवाले, तो मीटर दोन दिवस द्याल का? नातीच्या वर्गात न्यायचाय. फळ्याबद्दल माझंच खरं, ते सोडून बोला.