मदत हवी आहे: इफच्या चुका मुलांना कशा समजावायच्या?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात, नंदनवनला, डिप्लोमाच्या मुलांचे संध्याकाळचे प्रोग्रामिंगचे वर्ग घेते. मुलं पायथन शिकून सी कडे वळली की इफ-एल्समध्ये, म्हणजे अट खरी असेल तर एक आणि नसेल तर दुसरं काम करायला सांगणाऱ्या कोडमध्ये, हमखास अडकतात.

कालचंच उदाहरण. उन्हाळ्याचं तापमान तपासायला एकाने पायथनमधली अट जशीच्या तशी सी मध्ये लिहिली: ४० < तापमान < ४५. पायथनमध्ये ती बरोबर चालते. सी मध्ये आधी ४० < तापमान तपासलं जातं, त्याचं उत्तर ० किंवा १ येतं आणि ते ४५ पेक्षा लहानच असतं. म्हणजे पारा २० वर असला तरी अट खरी! कंपाइल होतं, चालतं, फक्त उत्तर चुकतं. अशी चूक मुलांचा धीर खचवते, याचं मला फार वाईट वाटतं.

बरोबरी तपासताना दोन इक्वल्सऐवजी एकच लिहिण्याची चूक त्यामानाने सोपी. पायथन तिथेच एरर देतं आणि जीसीसीला (सी च्या कंपाइलरला) वॉर्निंग चालू करून दिल्या की तेही सांगतं. पण रिकामी लिस्ट पायथनच्या इफमध्ये खोटी आणि रिकामा अ‍ॅरे जावास्क्रिप्टमध्ये खरा, हे पाठ न करवता कसं रुजवायचं?

कोणाकडे मराठीतून केलेले सरावाचे प्रश्न आहेत का? विशेषतः चुकीचा कोड देऊन 'आउटपुट काय येईल' विचारणारे. शिवाय, एकच अट दोन भाषांत शेजारीशेजारी शिकवावी, की आधी एक भाषा पक्की करून घ्यावी? शिकवणाऱ्यांनी अनुभव नक्की सांगा.