मदत हवी आहे: कॉम्प्युटर टेबलात शिलाई मशीन बसवायचं आहे

टाका_धागा:
ऑफिसची खोली रिकामी करून तिथे गोधडीकाम करायचं आहे. जुन्या सामानातलं ठेवायचं फक्त पार्टिकल बोर्डचं टेबल (१०५ × ६० सेंमी, उंची ७५, फळी १८ मिमी, की-बोर्डचा सरकता ट्रे) आणि चार ड्रॉवरची लोखंडी फाईल कॅबिनेट. मशीन घरगुती, मोटरवर चालणारं: तळ ४१ × १८ सेंमी, रबरी पायांपासून शिवायच्या पृष्ठभागापर्यंत ७ सेंमी, वजन ७ किलो, बॉबिन वरून बसते. ट्रेवर मशीन ठेवलं तर चालेल का? की टेबल कापावंच लागेल? शिवाय सीपीयू, यूपीएस आणि कागदांचे गठ्ठे आहेतच.

रंधा:
ट्रेवर नको. चॅनल (ट्रे सरकतो त्या पट्ट्या) वजन पेलतील, पण त्यांच्यात जो थोडा खुळखुळाट असतो त्याने वेग वाढला की मशीन डोलतं. टेबलावर तसंच ठेवलं तर हात ८२ सेंमीवर जातात आणि तासाभरात खांदे भरून येतात. म्हणून कापाच.

४८ × १९ सेंमीचा खाचा. डावीकडे ४५ सेंमी सोडा, कारण गोधडीचा भार तिथेच येतो. पुढे १० सेंमी. रुंदीत जे ७ सेंमी जास्त धरलेत ते उजवीकडे राहू द्या, तिथे हातचाक, प्लग आणि मशीन उचलायला हात. उरलेली फट नंतर ६ मिमी अ‍ॅक्रिलिकने झाका.

जिगसॉचं (उभ्या पात्याच्या विजेच्या करवतीचं) साधं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरच्या बाजूचा सनमायका उडतो. वरची फळी सोडवून उलटी करा, खालून कापा. बहुतेकांची चूक इथे होते: उलट्या फळीवर डावं-उजवं बदलतं. आखणी सुलट बाजूला करून चार कोपऱ्यांना १० मिमीची आरपार भोकं पाडा, मग उलटून भोकं जोडा. कापलेली कड उघडी ठेवू नका, दमट हवेत फुगते आणि फुगलेला बोर्ड परत बसत नाही. एज बँड (कडेला चिकटवायची पट्टी) लावा.

मशीनखाली १९ मिमी प्लायची फळी, तिचा वरचा पृष्ठभाग टेबलाच्या खालच्या बाजूपासून ५२ मिमी खाली, म्हणजे शिवायचा पृष्ठभाग टेबलाच्या पातळीत येतो. गुडघ्यांना ६६ सेंमी उरतात.

टाका_धागा:
फळी १०१ सेंमी लांब होईल. मधे लवणार नाही? आणि ट्रेच्या स्क्रूची भोकं आधीच सैल झाली आहेत.

रंधा:
नुसती ठेवली तर लवेल, थरथरेलही. पुढच्या कडेला ५० मिमी उंचीची लाकडी पट्टी उभी बसवा, फळी आणि टेबल यांच्या मधल्या फटीत. राहिलेल्या २ मिमीत सनमायकाचा तुकडा ठोका. खाच्यापुढची १० सेंमीची पट्टीही याच आधारावर तरते. दोन्ही बाजूंना आधारपट्ट्या लावून त्या ६ मिमी नट-बोल्टने, दोन्हीकडे रुंद वॉशर घालून आरपार आवळा. पार्टिकल बोर्डात स्क्रू थरथरीने सुटतोच. जुन्या भोकांत फेव्हिकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोका, एक दिवस वाळू द्या.

घडी_मोड:
ताई, कॅबिनेटसाठी: जुन्या फायलींचे पुठ्ठे कापून त्यांवर कापड गुंडाळा आणि उभं लावा, म्हणजे वरून सगळे रंग दिसतात. जड कापड खालच्या ड्रॉवरमध्ये. भरलेले दोन ड्रॉवर एकदम उघडले की कॅबिनेट पुढे कलंडते, म्हणून भिंतीला आवळून घ्या.

सीपीयू देण्याआधी हार्ड डिस्क काढून ठेवा. यूपीएसमधली शिशाची बॅटरी भंगारात मिसळू नका, बॅटरीवाला जुनी परत घेतो. थर्मल पावत्यांवरची (दुकानातल्या गुळगुळीत कागदाच्या) अक्षरं उडतात, वॉरंटी चालू असेल त्यांचे आधी फोटो काढा. घर, शेअर, फंड यांच्या खरेदीचे कागद मात्र ती वस्तू विकेपर्यंत आणि पुढेही काही वर्षं टाकू नका. त्यांना खालच्या ड्रॉवरचा मागचा अर्धा भाग पुरतो.