मायक्रोव्हॅक्सवरील व्हीएमएस : टेपची विनंती अडकून राहते, ऑपरेटर म्हणून तिला उत्तर कसे द्यायचे?

प्रश्न – कोथरूडकर

मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवतो. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवता यावे म्हणून प्रयोगशाळेतील एका साध्या संगणकावर सिमएच (जुन्या संगणकांची नक्कल करणारा प्रोग्राम) बसवून त्यात डीईसी कंपनीचा मायक्रोव्हॅक्स 3900 आणि त्यावर ओपनव्हीएमएस, म्हणजे व्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमची 7.3 ही आवृत्ती चालवतो. आठ विद्यार्थी टेलनेटने लॉगइन करतात आणि डीसीएल या व्हीएमएसच्या आज्ञाभाषेतील आज्ञा, फाइलींच्या आवृत्त्या, बॅच क्यू (रांगेत लावलेली कामे) या गोष्टी बऱ्यापैकी हाताळतात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी मला व्हीएमएसच्या पाचव्या आवृत्तीचा करड्या बाइंडरातला एक खंड मिळाला, पण नेमका ऑपरेटरच्या कामाचा खंड त्यात नाही.

अडचण अशी आहे. एका विद्यार्थिनीने 'माउंट एमयूए0: धडे', म्हणजे एमयूए0 या टेप ड्राइव्हवरची 'धडे' नावाची टेप वापरायला घे, अशी आज्ञा दिली. टेप जोडलेली नव्हती, त्यामुळे ती बसवावी अशी विनंती करणारी ओळ तिच्या पडद्यावर आली आणि त्यानंतर टर्मिनल गप्प झाले. मी शेजारच्या टर्मिनलवर माझ्या स्वतःच्या खात्यातून 'रिप्लाय' ही ऑपरेटरची उत्तराची आज्ञा देऊन पाहिली, तेव्हा अधिकार अपुरे असल्याचा संदेश मिळाला. दहा मिनिटांनी तिने कंट्रोल-वाय दाबून सुटका करून घेतली. नंतर कन्सोलच्या खिडकीत पाहिले तर तीच विनंती क्रमांकासह तिथे येऊन पडली होती, आणि मी तिथेच संपादकात उघडून ठेवलेल्या फाइलीच्या मजकुरावर ऑपकॉमच्या (ऑपरेटरला निरोप पोचवणाऱ्या प्रक्रियेच्या) चार ओळी उमटल्या होत्या.

अशा विनंतीला योग्य उत्तर कसे द्यावे आणि ती कोणत्या टर्मिनलवर यावी हे कसे ठरवावे, हे मला समजून घ्यायचे आहे. त्याशिवाय आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी अधूनमधून वीज बंद असते आणि आमचा इन्व्हर्टर अर्ध्या तासापलीकडे टिकत नाही. आतापर्यंत मी सिमएचची खिडकी सरळ बंद करत आलो आहे. ते चुकीचे आहे हे मला कळते, पण योग्य क्रम कोणता?

उत्तर – रात्रपाळी

भोसरीतील एका कारखान्याच्या संगणक विभागात मी ऐंशीच्या दशकात व्हॅक्स-11/750 वर ऑपरेटर होतो, आणि त्यातली बहुतेक वर्षे रात्रपाळीत गेली. आपण वर्णन केलेला प्रसंग आमच्याकडे एका पाळीत वीस वेळा घडत असे, आणि त्यात बिघाड असा काहीच नाही. व्यवस्थेने ऑपरेटरला हाक मारली आणि ऑपरेटर जागेवर नव्हता, एवढाच त्याचा अर्थ आहे.

व्हीएमएसमध्ये ऑपकॉम नावाची एक स्वतंत्र प्रक्रिया सतत चालू असते. 'शो सिस्टिम' दिल्यावर ती यादीत दिसते, आणि कधी दिसली नाही तर '@सिस$सिस्टिम:स्टार्टअप ऑपकॉम' असे देऊन ती पुन्हा उभी करता येते. वापरकर्त्यांच्या विनंत्या घेणे, प्रत्येकीला क्रमांक देणे, त्या ऑपरेटरच्या टर्मिनलवर दाखवणे आणि ऑपरेटरचे उत्तर नेमके त्याच वापरकर्त्याकडे पोचवणे हे तिचे काम. मात्र कोणते टर्मिनल ऑपरेटरचे, हे तिला कोणीतरी सांगावे लागते. यंत्र सुरू होताना ती फक्त कन्सोल, म्हणजे ओपीए0:, आपोआप धरते. आपण शेजारच्या टर्मिनलवर बसला होता, तरी ऑपकॉमच्या लेखी ऑपरेटर कन्सोलवरच होता.

आपल्याला हव्या त्या टर्मिनलवर 'रिप्लाय/एनेबल=टेप्स/टेंपररी' ही आज्ञा द्या. 'टेप्स'च्या जागी 'डिस्क्स', 'प्रिंटर', 'सेंट्रल', 'नेटवर्क' असे इतर वर्गही देता येतात. वर्ग न देता नुसते 'एनेबल' म्हटले तर सर्वच प्रकारचे संदेश येऊ लागतात आणि आठ विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेतही त्यांचा त्रास होतो. 'टेंपररी'मुळे आपण लॉगआउट केले की ते टर्मिनल पुन्हा साधे होते. सामायिक प्रयोगशाळेत हे मला आवश्यक वाटते, कारण एरवी नंतर त्या जागी बसणाऱ्याच्या पडद्यावर आपले संदेश पडत राहतील.

आता खुद्द टेपच्या विनंतीविषयी. नवीन ऑपरेटर इथे एक चूक हमखास करतो : विनंती दिसली की घाईने 'रिप्लाय/टू' टाइप करतो. माउंटच्या विनंतीला शब्दांत उत्तर द्यावेच लागत नाही. टेप ड्राइव्हवर चढवून ड्राइव्ह तयार झाला की माउंट ते स्वतः ओळखतो, वापरकर्त्याचे काम पुढे सरकते आणि विनंती पूर्ण झाल्याचे ऑपकॉम आपल्याला कळवतो. सिमएचमध्ये टेप चढवणे म्हणजे कन्सोलच्या खिडकीत कंट्रोल-ई दाबणे, 'अटॅच टीक्यू0' (एमयूए0चे सिमएचमधले नाव) यापुढे टेपच्या फाइलीचे नाव देणे आणि 'कंटिन्यू' म्हणणे. कंट्रोल-ई दाबल्यापासून 'कंटिन्यू' म्हणेपर्यंत अख्खे यंत्र थांबलेले असते आणि आठही विद्यार्थ्यांचे टर्मिनल गोठते, म्हणून फाइलीचे नाव आधी कागदावर लिहून ठेवा आणि मगच कळ दाबा.

शब्दांत उत्तर द्यावे लागते ते इतर वेळी. तो ड्राइव्ह अडकलेला असेल आणि दुसरा मोकळा असेल तर 'रिप्लाय/टू=5 "सबस्टिट्यूट एमयूए1"' असे लिहावे (5 हा विनंतीचा क्रमांक); त्या वापरकर्त्याची टेप मग एमयूए1 वरून घेतली जाते. टेप कपाटातून आणायला वेळ लागणार असेल तर 'रिप्लाय/पेंडिंग=5' आणि अवतरणात निरोप द्यावा, म्हणजे विनंती जिवंत राहते आणि वाट पाहणाऱ्याला कारण कळते. टेप मुळात अस्तित्वातच नसेल तर 'रिप्लाय/अबॉर्ट=5'. किती विनंत्या उरल्या आहेत ते 'रिप्लाय/स्टेटस' सांगतो.

आमचा कन्सोल म्हणजे कागदावर छापणारा एलए120 होता. विनंतीची ओळ छापली गेली की मी तिच्या क्रमांकाभोवती तांबड्या पेन्सिलीने गोल करी, आणि ती पूर्ण झाली की त्यावर तिरकी रेघ ओढी. पहाटे पाळी सोपवताना रेघ न ओढलेले गोल तेवढे पुढच्या माणसाला दाखवायचे. मला आजही वाटते की 'पेंडिंग'चा निरोप हा ऑपरेटरच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण समोरच्या माणसाला टर्मिनल बंद पडले आहे की कोणी आपली टेप शोधत आहे हे त्याशिवाय कळायला मार्ग नसतो. आपल्या विद्यार्थिनीने दहा मिनिटे अंधारात काढली. एका ओळीच्या निरोपाने तो वेळ तिला बिनधास्त दुसऱ्या कामाला देता आला असता.

उत्तर – पेठेतील वाचक

वरील उत्तराशी मी सहमत आहे. अधिकारांचा मुद्दा तेवढा राहिला आहे, तो मांडते.

आपण ऑथराइझमध्ये (वापरकर्त्यांची खाती सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये) खाते उघडले तेव्हा त्याला 'टीएमपीएमबीएक्स' आणि 'नेटएमबीएक्स' एवढेच साध्या वापरकर्त्याचे अधिकार मिळाले असणार. 'रिप्लाय'ला 'ओपर' हा अधिकार लागतो. तो नाही म्हणून सर्व काम 'सिस्टिम' खात्यातून करण्याचा मोह होतो, पण तसे कृपया करू नका. सिस्टिम खात्यातून एका चुकीच्या डिलीटने काय होते ते मी पाहिले आहे, आणि त्या दिवशी संपूर्ण विभागाचे आठवड्याचे काम टेपवरून परत आणावे लागले होते. सिस्टिम खात्यातून एकदाच ऑथराइझ चालवा, आपल्या खात्याला 'मॉडिफाय' आज्ञेने '/प्रिव्हिलेजेस=ओपर' द्या आणि बाहेर पडा. असा दिलेला अधिकार लॉगइन करताच लागू होत नाही, तो फक्त मागण्याची मुभा मिळते; म्हणून नव्याने लॉगइन करून 'सेट प्रोसेस/प्रिव्हिलेज=ओपर' असे म्हणावे लागते. ही जास्तीची पायरी मला फार आवडते. आता आपण ऑपरेटर म्हणून वागत आहोत याची जाणीव ती दरवेळी करून देते. 'सिक्युरिटी' या वर्गाचे संदेश हवे असतील तर मात्र 'ओपर' पुरत नाही, त्यासाठी 'सिक्युरिटी' नावाचा वेगळा अधिकार लागतो.

संपादकात मिसळलेल्या ओळींनी आपली फाइल बिघडलेली नाही. त्या फक्त पडद्यावर उमटतात. कंट्रोल-डब्ल्यू दाबले की पडदा नव्याने रंगवला जातो. तरीही कन्सोलवर फाइली लिहू नयेत हेच बरे. तिथून 'रिप्लाय/डिसेबल' देऊन संदेश बंद करणे सोपे आहे, पण मग विनंती ऐकायला कोणीच उरणार नाही.

विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगी आणखी एक गोष्ट प्रिंट क्यूची आहे. आमच्या विभागात दर महिन्याच्या शेवटी पगारपत्रके छापली जात, आणि छापील चौकटींचा कागद प्रिंटरवर नीट बसला आहे का हे आधी पाहावे लागे. खऱ्या मजकुराचे पान छापून पाहिले तर कोणाचा तरी पगार ऑपरेटरच्या टेबलावर उघडा पडणार. त्यासाठी थांबवलेला क्यू 'स्टार्ट/क्यू/अलाइन=मास्क' असा सुरू करता येतो : तो मजकुरातील प्रत्येक अक्षराच्या जागी एक्स आणि प्रत्येक अंकाच्या जागी 9 छापतो. नावाच्या चौकटीत एक्सची रांग आणि रकमेच्या चौकटीत नवांची रांग नेमकी बसली की कागद बरोबर आहे. ऑपरेटरला काम करता यावे, पण त्याला माहितीची गरज नसेल तर ती दिसू नये, याचा एवढा विचार त्या काळी कोणी करून ठेवला होता हे पाहून मला तेव्हाही आदर वाटला होता.

कागद मध्येच फाटला तर 'स्टॉप/क्यू' देऊन क्यू जागीच थांबवावा आणि कागद नीट बसवून 'स्टार्ट/क्यू/बॅकवर्ड=2' द्यावे, म्हणजे दोन पाने मागे जाऊन छपाई पुढे चालू होते. 'स्टॉप/क्यू/नेक्स्ट' वेगळा आहे. तो हातातले काम पूर्ण करून मग थांबतो. आणि 'स्टॉप/क्यू/रीसेट' घाव घातल्यासारखा तोडतो, तो शेवटचा उपाय समजावा.

उत्तर – रात्रपाळी

गुरुवारचा प्रश्न मघाशी राहिला होता. खिडकी सरळ बंद करणे म्हणजे चालत्या यंत्राची वीज काढणे होय. व्हीएमएस डिस्कवरील मोकळ्या जागेचा काही भाग आगाऊ राखून ठेवते, आणि डिस्क रीतसर उतरवली नाही तर पुढच्या वेळी ती चढवताना हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. हे बहुधा आपोआप होते. उघड्या फाइलींमध्ये अर्धवट राहिलेला मजकूर मात्र परत येत नाही. इतके दिवस असे झाले असेल तर एकदा 'अ‍ॅनलाइझ/डिस्क_स्ट्रक्चर' चालवून पाहा. पहिल्यांदा '/रिपेअर' न लावता चालवा, म्हणजे काय बिघडले आहे ते वाचायला मिळेल.

योग्य क्रम असा. वीज जाण्याच्या अर्धा तास आधी 'सेट लॉगिन्स/इंटरॅक्टिव्ह=0' द्या. आधीपासून आत असलेल्यांना याने काही होत नाही, नवीन कोणी येऊ शकत नाही, आणि ज्याच्याकडे 'ओपर' आहे त्याला मात्र अजूनही येता येते. मग 'रिप्लाय/ऑल/बेल' आणि अवतरणात निरोप लिहा. घंटा वाजून तो प्रत्येक टर्मिनलवर दिसतो. निरोपात 'लवकरच' असा शब्द न वापरता घड्याळाची वेळ लिहा. 'शो यूझर्स'ने कोण उरले आहे ते पाहा आणि एखादाच उरला असेल तर त्याच्याकडे चालत जा, आपली प्रयोगशाळा एकाच खोलीत आहे.

शेवटी सिस्टिम खात्यातून, कन्सोलवरून, '@सिस$सिस्टिम:शटडाउन'. सिस्टिम खाते वापरावे असा हा मोजक्या प्रसंगांपैकी एक आहे, कारण या कामाला एकट्या 'ओपर'हून कितीतरी अधिक अधिकार लागतात. ती प्रक्रिया एकेक प्रश्न विचारते : किती मिनिटांनी, कारण काय, डिस्क फिरायच्या थांबवायच्या का, यंत्र पुन्हा आपोआप सुरू करायचे का, पुन्हा केव्हा सुरू होणार. मिनिटांच्या प्रश्नाला नुसते रिटर्न दाबले तर शून्य धरले जाते आणि मुले काम करत असतानाच यंत्र खाली जाऊ लागते, म्हणून तिथे 10 लिहा. 'केव्हा सुरू होणार' याचे उत्तरही मनापासून लिहा, कारण ते शब्द सर्वांना दिसतात. 'सिस्टिम शटडाउन कंप्लीट' ही ओळ कन्सोलवर येईपर्यंत कशालाही हात लावू नका. ती आली की मग कंट्रोल-ई आणि 'एक्झिट'.

प्रतिसाद – कोथरूडकर

दोघांचेही मनापासून आभार. काल सर्व करून पाहिले. माझ्या खात्याला 'ओपर' दिला, तो मागून घेतला, टेपचा वर्ग सुरू केला आणि त्याच विद्यार्थिनीला पुन्हा माउंट करायला सांगितले. विनंती क्रमांक 2 माझ्या टर्मिनलवर आली, मी आधी 'पेंडिंग'चा निरोप पाठवला आणि तो तिच्या पडद्यावर उमटताच मागच्या बाकावरची मुलेही उठून पाहायला आली. टेपची फाइल जोडल्यावर मात्र माउंट फसले. फाइल नवी आणि रिकामी होती, तिच्यावर लेबलच नव्हते. 'इनिशियलाइझ एमयूए0: धडे' आधी द्यावे लागले, आणि टेपचे लेबल सहा अक्षरांपलीकडे जाऊ शकत नाही हेही त्या निमित्ताने समजले.

एक शंका उरली आहे. ऑपकॉम हे सर्व सिस$मॅनेजरमधील ऑपरेटर.लॉग या फाइलीत लिहितो असे दिसले, आणि आमची फाइल बरीच फुगली आहे. चालू असताना ती काढून टाकता येईल का?

उत्तर – पेठेतील वाचक

चालू फाइल काढू नका, ती ऑपकॉमने उघडलेली असते. 'रिप्लाय/लॉग' द्या, जुनी फाइल बंद होऊन त्याच नावाची पुढची आवृत्ती उघडते. मग जुनी आवृत्ती टेपवर घेऊन 'पर्ज/कीप=2' करा, म्हणजे शेवटच्या दोनच आवृत्त्या उरतील. टेपवर घेताना ती टेप 'माउंट/फॉरेन'ने चढवा, कारण प्रती घेणाऱ्या 'बॅकअप' या आज्ञेला ती तशीच लागते. आम्ही हे दर सोमवारी सकाळी, पहिला वापरकर्ता येण्याआधी करत असू.