घराबाहेर जाणाऱ्याचे नाव किती ताणावे?

प्रश्न:
‘बिग बॉस मराठी’चे पाचवे पर्व २०२४ साली सुमारे १०० दिवसांऐवजी ७० दिवसांतच संपले, तरीही अंतिम फेरीत सहा जण होते. एखाद्या आठवड्यात कोणीच बाहेर जाणार नाही असे ऐनवेळी जाहीर झाले की माझी उत्सुकता विझते. स्पर्धक बाहेर पडण्याचा वेग आणि उत्कंठा यांचा नेमका संबंध काय असावा?

उत्तर १:
माझ्या मते वेगापेक्षा नेम महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील ‘सर्व्हायव्हर’ या कार्यक्रमात खेळाडूच मते देऊन एकमेकांना बाहेर काढतात. त्याच्या २००० सालच्या पहिल्या पर्वात १६ स्पर्धक ३९ दिवस बेटावर होते, २०२१पासून हा मुक्काम २६ दिवसांवर आला, पण प्रेक्षकाच्या वाट्याला बहुतेक भागांत एकच निरोप येत असल्यामुळे त्याला हा फरक फारसा जाणवत नाही. खरी कसरत शेवटच्या काही मिनिटांत असते. सूत्रसंचालक जेफ प्रोब्स्ट मतांचा क्रम आधीच लावून आणतो, त्यामुळे चिठ्ठ्या उघडताना दोन नावे बराच वेळ बरोबरीत चालतात आणि बहुमत झाले की उरलेल्या चिठ्ठ्या तो वाचतच नाही.

उत्तर २:
ही तुलना मला पूर्णपणे पटत नाही. तिथे मते खेळाडूंचीच असल्यामुळे कोण कोणाला दगा देईल याचा अंदाज बांधत भाग पाहता येतो. आपल्याकडे मते प्रेक्षकांची, म्हणून घोषणेपूर्वी तर्क करायला लोकप्रियतेखेरीज काही उरत नाही. त्यातच शनिवार-रविवारच्या भागांचे चित्रीकरण आधी होत असल्याने नाव अनेकदा मोबाइलवर येऊन पडलेले असते. आमच्या सासूबाई तर शेवटचे दोघे उभे राहून जाहिरात लागली की निवांत कुकर लावायला उठतात, कारण ब्रेकनंतरही नाव लगेच येत नाही हे त्यांना पाठ झाले आहे.

उत्तर ३:
मूळ प्रश्नाकडे वळतो. नामांकन, म्हणजे बाहेर जाऊ शकणाऱ्यांच्या यादीत नाव येणे, ही प्रेक्षकाला घातलेली भीती. ती ऐनवेळी मागे घेतली की पुढच्या आठवड्यात ‘आपण सुरक्षित आहात’ या वाक्याची किंमत उतरते. याउलट, एक जण गेल्यावर उरलेले सैलावलेले असताना दुसरे नाव आले तर धक्का खरा बसतो, पण एका पर्वात तो एकदाच चालतो.

प्रश्नकर्ता:
सासूबाईंचा कुकर मान्य! दुहेरी निरोपाबाबत मात्र मी असहमत आहे. दुसऱ्या नावाच्या गडबडीत पहिल्याच्या जाण्याचे कोणाला काही वाटेनासे होते.