मुकादम कोणीच नसतो
एकांनी विचारलंय, ओझं नेणाऱ्या मुंग्यांमध्ये मुकादम कोण? कोणीच नाही! परवा आमच्या नौपाड्यातल्या गॅलरीत सैरावैरा धावणाऱ्या काळ्या मुंग्या मेलेलं झुरळ नेताना कुंडीला अडल्या. पुढच्या ओढतात, मागच्या उचलून धरतात. वाट ठाऊक असते ती नुकतीच येऊन चिकटलेल्या मुंगीला. काही सेकंद तिचं चालतं, मग तीही गर्दीतलीच. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या ओफर फाइनरमन यांच्या गटाने २०१५ मध्ये हे दाखवलं. २०२४ मध्ये त्यांनी मुंग्यांना आणि माणसांना सारख्याच घडणीची, पण आपापल्या मापाची अडचणीची वस्तू अरुंद फटींतून न्यायला लावली. मुंग्यांचा घोळका मोठा झाला तसा सरस ठरला. माणसांना बोलायची बंदी केल्यावर गटाचा फायदाच उरला नाही. (आमच्या जिन्यात कपाट चढवताना सगळे बोलत होते, तरी अडकलंच.)