एकशे किती?

धागा काढायला कारण झाली एक म्हैस. २०१९ च्या पशुगणनेच्या वेळी मी शिंदखेडा तालुक्यात घरोघर फिरत होतो. मूळचा साताऱ्याचा, धुळ्यात येऊन जेमतेम दोन महिने झालेले. ओट्यावर बसलेल्या बाबांना विचारलं, "म्हशी किती?" बाबा म्हणाले, "एक शे." मी टॅबवर बोट धरून थांबलो. ते गप्प, मीही गप्प. शेवटी मीच विचारलं, "एकशे किती?"

"एकच शे ना भाऊ!" म्हणत त्यांनी मला हाताला धरून गोठ्यात नेलं.

खान्देशातल्या अहिराणी बोलीत 'शे' म्हणजे 'आहे'. माझ्या मराठीत 'शे' म्हणजे शंभर, संस्कृत 'शत' झिजत झिजत उरलेला. आणि 'एकशे' म्हटलं की पुढे पाच, दहा काहीतरी यायलाच हवं, नाहीतर वाक्य लटकतं. या एका अक्षरानं तुम्हाला कुठे अडवलंय? लिहा. अहिराणीतलंच हवं असं नाही.

*

साक्री, शिक्षिका

मी रत्नागिरीकडची. इथल्या शाळेत रुजू झाले त्या आठवड्यात पालकसभा होती. पहिलीतल्या एका पोराचं कुणीच आलं नाही. विचारलं तर म्हणाला, "माय-बाप वावरमा शेतस."

मला कळलं! म्हणजे तसं वाटलं. 'वावर' म्हणजे वावरणं आणि 'शेतस' म्हणजे शेतात. आईबाप शेतात वावरताहेत, कामात असणार. मी मान डोलावली आणि वहीत 'शेतीकाम' असं लिहिलंही.

नंतर शिपाईदादांनी उलगडून सांगितलं. इथे शेताला म्हणतात वावर आणि 'शेतस' हे 'शे'चं अनेकवचन, म्हणजे 'आहेत'. दोन्ही शब्द मी उलटे लावले होते आणि उत्तर मात्र बरोबर आलं होतं. गणितात असं करणाऱ्या पोरांचे मी मार्क कापते.

पुढच्याच आठवड्यात फजिती झाली. त्याच पोराला विचारलं, "आज कुठे आहेत?" तो म्हणाला, "घर शेतस." घर, आणि परत शेत? आता तेवीस वर्षं झाली. वर्गात हजेरी घेताना पोरांआधी मीच "कोन कोन शेतस?" म्हणते. (गावाकडे बिबट्या दिसला तेव्हा पेपरात 'बिबट्याचा वावर' छापून आलं होतं. एका आजोबांनी विचारलं, बिबट्यानी वावर कवय लिधं? म्हणजे शेत कधी घेतलं?)

*

नवापूर

आमच्या रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. बाकाच्या एका टोकाला 'छे' आणि दुसऱ्या टोकाला 'शे' ऐकू येतं, त्यामुळे आम्हाला कधी कोडं पडलंच नाही. प्राकृतातल्या 'अच्छइ'चा हा गोतावळा: गुजराती 'छे', बंगाली 'आछे', मैथिली 'अछि', आणि आमचं 'शे'. 'मामाना' (मामाचा) मधला 'ना' सुद्धा गुजरातीतल्या 'मामानो'चा सख्खा शेजारी. ग्रिअर्सननं भारताच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खान्देशी, म्हणजे अहिराणी, मराठीबरोबर न ठेवता भिल्ली भाषांसोबत ठेवली ती अशाच खुणांवरून. मराठी की गुजराती हा वाद मात्र इथे काढू नका, दोनशे प्रतिसाद होतील.

*

सुरत, मूळ नंदुरबार

लूमवर कामाला लागलो तेव्हा उधन्यात खानावळीत जेवायचो. पहिल्याच दिवशी शेजारच्यानं वाढप्याला विचारलं, "आजे शेनुं शाक छे?" माझा घास हातातच राहिला. शेणाची भाजी! गुजरातीत 'शेनुं' म्हणजे 'कशाचं', हे वाढप्यानं हसून हसून सांगितलं. तिकडे 'शे' प्रश्न विचारतो, आमच्याकडे उत्तर देतो. दुधीची होती भाजी.

*

यावल

आम्हा लेवा बोलीवाल्यांना धाग्यात घ्या, नका घेऊ. आमच्याकडे 'हाये'. सून शिरपूरची. तिचं 'शे', आमचं 'हाये', नातू दोन्ही बोलतो आणि शाळेत 'आहे' लिहितो.

*

भुसावळ

आमच्या चाळीत खाली उर्दू बोलणारं कुटुंब. चाचांना कुठलीही वस्तू आवडली की म्हणत, "वाह, क्या शै है!" माझी आई वरून ओरडायची, "काय शे? काय शे?" तिला वाटायचं विचारताहेत. त्यांची 'शै' म्हणजे वस्तू, अरबीतून आलेली. एकदा चाचांनी नुसतंच आंब्याची पेटी वर करून दाखवली, तेव्हापासून आई विचारायची थांबली आणि आंबे यायला लागले.

*

जळगाव

आमच्या कॉलनीतले नेपाळी राखणदार फोनवर "के छ?" म्हणतात आणि मी मनात "काय शे?" म्हणतो. त्यांना धाग्यातली म्हशीची गोष्ट सांगितली. त्यांना अजिबात नवल वाटलं नाही. नेपाळीत 'छ' म्हणजे आहे आणि 'छ' म्हणजेच सहा! आमची गडबड शंभरावर आणि त्यांची सहावर.

*

अमळनेर

नातू पहिलीत, इंग्रजी माध्यमात. स्पेलिंग बघून जसंच्या तसं वाचत होता, "शे इज माय आँट." माझी आई तांदूळ निवडता निवडता ऐकत होती.

"एकदाव शे म्हनं ना," ती म्हणाली, "मंग इज कसाले रे?"