पळसाचा फोटो चित्रासारखा येत नाही, मदत हवी आहे

रानपळस: कुरखेड्याकडे आमच्या बांधावर पळस पेटलाय. मला पाकळी न् पाकळी दिसणारा फोटो नको, ब्रश ओढल्यासारखे केशरी फराटे पाहिजेत. शटर १/४ सेकंद उघडं ठेवून कॅमेरा वर-खाली हलवला की सगळं पांढरंफक्क! फुलं गळायला लागली आहेत, लवकर सांगा.

सागवान: अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, किती? वेळ कोणती? काहीच लिहिलं नाही भाऊ. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, छिद्र बारीक म्हणजे एफ/२२ आणि एनडी १६ फिल्टर (उजेड १६ पट कमी करणारी काळी काच), भर उन्हातही जमते.

रानपळस: दुपारी काढले. अ‍ॅपर्चर बदलतच नाही, मोबाईल आहे.

वैनगंगाकाठ: हे आधी सांगायचं ना बाप्पा! मोबाईलचं अ‍ॅपर्चर पक्कं अन् मोठं, बहुतेक एफ/१.८ च्या आसपास. आयएसओ १०० ला उन्हात शटर १/८००० सेकंद लागतं. १/४ म्हणजे अकरा स्टॉप (दर स्टॉपला दुप्पट) जास्त उजेड. दिवस बुडाल्यावर काढा.

सागवान: तेव्हा केशरी मरतो, विटकरी दिसतो. क्लिपवाला एनडी १००० घ्या अन् ऊन कलल्यावर काढा.

वैनगंगाकाठ: खेड्यात तो फिल्टर आजच्या आज कुठून आणणार? फुलं थांबतात का?

जुनास्टुडिओ: हलला तो फोटो बिघडला. स्पर्धेत पाठवायचा तर ट्रायपॉड घ्या.

सागवान: स्पर्धेचं कोणी विचारलं काका? छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी १९५० च्या दशकात स्पेनच्या बैलझुंजी मुद्दाम अशाच टिपल्या, रंग वाहते ठेवून.

मोहफूल: गळालेली फुलं वेचून घ्या, उकळली की होळीचा रंग होतो. आम्ही दरवर्षी करतो.

रानपळस: रंग नंतर. सांजेला नाईट मोडवर हलवून पाहिलं, तर झाड जागच्या जागी उभं! काहून?

वैनगंगाकाठ: नाईट मोड बऱ्याच फ्रेम एकमेकींवर जुळवतो, हललेलं पुसून टाकतो. शटर-आयएसओ हातानं ठेवता येतो तो प्रो मोडच वापरा, आयएसओ सगळ्यात कमी.

सागवान: आणि वर-खाली नको. ते सागाच्या रोपवनात शोभते, तिथं खोडं सरळ. पळस वाकडातिकडा, फुलताना पानंही नाहीत. एकच फांदी धरा, तिच्या वळणानं मनगट फिरवा.

रानपळस: आले! केशरी फराटे आले! पण फुलामागची ती काळपट मखमली टोपी पार मिसळून जाते. ती मला हवीच आहे, तिच्याशिवाय तो पळस वाटत नाही.

सागवान: शटर १/२ करा. निम्मा वेळ हात स्थिर धरा, मग ओढा. टोपी उमटेल, मागं फराटा राहील. उजेड वाढेल, म्हणून पाचेक मिनिटं उशिरा काढा.